गळक्या नळाचा वॉशर बदलताना
नळ घट्ट पिळूनही थेंब थेंब गळत असेल, तर बहुधा आतला रबरी वॉशर झिजलेला असतो. आधी मेन कॉक बंद करा, नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या. मुठीचा स्क्रू काढा, तिच्याखालच्या नटाला फडकं गुंडाळून पान्याने तो सोडवा. स्पिंडलच्या, म्हणजे मुठीने फिरणाऱ्या आतल्या दांड्याच्या, टोकाचा वॉशर नमुन्याला नेऊन त्याच मापाचा आणा. बसवण्याआधी आतल्या पितळी सीटवरून, म्हणजे वॉशर जिथे टेकतो त्या कडेवरून, बोट फिरवा, हे अजिबात टाळू नका. खाच लागली, तर नवा वॉशरही थोड्याच दिवसांत कापला जाईल. सीट आधी घासून सपाट करा. नट आवळताना नळ अर्धा उघडा ठेवा, नाहीतर वॉशर चेंगरतो. पाव फेऱ्यात बंद होणाऱ्या नळात मात्र असा वॉशर नसतो, तिथे सिरॅमिक कार्ट्रिजच, म्हणजे आतला सिरॅमिक चकत्यांचा अख्खा भागच, बदलावं लागतं.