वस्तरा पट्ट्यावर फिरवताना

दाढीआधी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचा तो नवी धार काढायला नव्हे. ते काम दगडाचं. पट्टा फक्त धारेची किंचित वाकलेली कड सरळ करतो. पट्टा ताणून धरा, सैल पडला की धार गोल होते. पात्याची पाठ आणि धार दोन्ही पट्ट्याला टेकलेली हवीत, आणि जाताना पाठ नेहमी पुढे. टोकाशी पोचल्यावर पातं पाठीवरच उलटवा, धारेवर कधीच नाही. पट्टे चिरतात ते बहुतेक इथेच. आधी कापडी पट्टीवर २०-२५ फेऱ्या, मग चामड्यावर ४०-५०. जोर अजिबात नको, वस्तऱ्याचं वजन पुरतं. वेगाची घाई करू नका, तो हात बसल्यावर येतो. इतकं करूनही केस ओढले जात असतील, तर वस्तरा दगडावर घ्या.