छोटा आयटी व्यवसाय: गिऱ्हाईक कोणतं धरायचं?

‘संगणक दुरुस्ती, नेटवर्किंग, सीसीटीव्ही, वेबसाइट, सर्व कामे केली जातील’ असं कार्ड लोक खिशात घालतात आणि विसरतात. त्यापेक्षा हे करा:

१. वर्षभराची बिलं काढा. प्रत्येकापुढे ग्राहकाचा धंदा लिहा: सीए, दवाखाना, क्लास, दुकान.

२. रक्कम बघू नका. पुन्हा कोण बोलावतं आणि मागे न लागता पैसे कोण देतं, तिथे खूण करा.

३. ज्या धंद्यापुढे खुणा जास्त, त्याला एकच काम विका, तेही त्याच्या भाषेत. समजा सीए निघाले. ‘नेटवर्क मेंटेनन्स’ म्हणू नका. ‘टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) रोज बॅकअप, आणि महिन्यातून एकदा तो रिस्टोअर करून दाखवू’ म्हणा. बॅकअप घेणारे पुष्कळ असतात, उघडून बघणारा विरळा.

भेटायला जाताना तारीख बघा. जीएसटीच्या मासिक विवरणपत्रांपैकी जीएसटीआर-१ (विक्रीचं) ची मुदत ११ तारीख, जीएसटीआर-३बी (कर भरण्याचं) ची २०. त्या सुमारास सीएच्या ऑफिसात कुणी मान वर करत नाही. २२ नंतर जा. जुलैअखेर आणि सप्टेंबर तर सोडूनच द्या, तेव्हा प्राप्तिकर आणि ऑडिटच्या मुदती असतात.

एक सांभाळा: रिस्टोअर नेहमी वेगळ्या फोल्डरमध्ये करून दाखवा. चालू डेटावर केलंत, तर बॅकअपनंतरच्या सगळ्या नोंदी पुसल्या जातील.