करवंदाचं कुंपण लावणार असाल तर

करवंदाचं बी वाळवायचं नसतं. गेल्या मे महिन्यात मी टोपलीभर करवंदं आणली, बिया धुतल्या, उन्हात खडखडीत वाळवल्या आणि भोपळ्याच्या बियांसारख्या कागदाच्या पुडीत बांधून ठेवल्या. जुलैत पेरल्या, एकही उगवली नाही. कुंपणाचं अख्खं वर्ष गेलं. म्हणून यंदा तयारी उलटी करायची: फळं सगळ्यात शेवटी आणायची.

आधी रोपांच्या पिशव्या भरून ठेवा. माती, कुजलेलं शेणखत, थोडी वाळू, तळाला भोकं. लागतील त्याच्या दीडपट भरा. सावलीची जागा ठरवा. पाण्याचं पाहून ठेवा, कारण मे महिन्यात विहीर तळाला गेलेली असते. हे सगळं झाल्याशिवाय फळं आणायला सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, जाऊ नका. बी तुमच्यासाठी थांबत नाही.

फळं काळीभोर, मऊ झालेलीच घ्या. कच्च्या फळातलं बी कोवळं असतं आणि चीकही जास्त. एकाच जाळीची नकोत. चार-पाच जाळ्यांची घ्या, भरघोस धरणाऱ्या. मोठ्या फळाची हौस असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ जात आहे, पण तिची कलमंच आणा, बियांतून आईसारखं झाड येईलच असं नाही. हाताला खोबरेल लावून निघा. चीक बोटांना बसला की साबणाने हलत नाही. पूर्ण बाह्यांचा जाड सदरा घाला, काटा दुहेरी असतो आणि आत मोडला तर ठणकतो.

घरी आल्यावर फळ दोन बोटांत दाबा. आत लाल निघालं तर कोंबडा, फिकट निघालं तर कोंबडी, लहानपणी पैज लावायचो तेच. बियांसाठी दोन्ही चालतात. गराला चिकटलेल्या चपट्या तपकिरी बिया राखेत चोळा, पाण्यात टाका, तरंगतील त्या फेका. गर राहिला तर बुरशी येते, मुंग्या लागतात. मग ओल्या बिया तशाच पेरा. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी. ‘जरा सुकू देत’ म्हणून सुपात पसरू नका. शेजारणीसाठी मूठभर बाजूला ठेवू नका, तिला फळंच द्या.

अर्धा इंच खोल, एका पिशवीत दोन बिया. माती ओलसर ठेवा, चिखल नको. पंधरा-वीस दिवस लागतात, उकरून पाहू नका.

रोपं वर्षभर पिशवीतच. पुढच्या जूनमध्ये लावा, २ ते ३ फुटांवर. कातळ, मुरूम चालतो, पाणी तुंबणारी जागा नाही. पहिली दोन वर्षं गुरांपासून जपा, गडग्यावर, म्हणजे दगडी बांधावर, काटेरी फांद्या टाका. छाटणी फळं संपल्यावर.