शेंगेन व्हिसा: फाईल लावण्यापासून स्टिकर तपासण्यापर्यंत

युरोपच्या व्हिसासाठी मुंबईत किंवा पुण्यात आपण ज्या केंद्रात जातो, ते बहुतेक देशांसाठी व्हीएफएस या खासगी कंपनीचं असतं, स्पेनसाठी बीएलएस या कंपनीचं. तिथली मंडळी कागद तपासून घेतात, बोटांचे ठसे घेतात, पैसे घेऊन पावती देतात. व्हिसा द्यायचा की नाही हे त्यांच्या हातात नसतं, त्यामुळे काउंटरवर "होईल ना हो काम?" असं विचारण्यात अर्थ नाही. निर्णय त्या देशाच्या कॉन्सुलेटमधला (वाणिज्य दूतावासातला) अधिकारी घेतो आणि बहुतेक वेळा तो आपलं तोंडही बघत नाही. त्याच्यासमोर जाते ती फाईल. म्हणून तयारीचं एकच सूत्र धरा: फाईलमधला कुठलाही कागद दुसऱ्या कागदाला खोटं पाडणारा नको.

देश आणि तारखा

शेंगेन क्षेत्र म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा गट, त्यात २९ देश आहेत. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युरोपीय संघात नसूनही त्यात येतात. ब्रिटन आणि आयर्लंड येत नाहीत, त्यांचे व्हिसा वेगळे. अर्ज कुणाकडे करायचा, तर ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे. दिवस सारखेच असतील तर ज्या देशातून आत शिरणार त्याच्याकडे. "अमुक देशाची अपॉइंटमेंट लगेच मिळते, तिथून करून टाकू" असं सुचवणारे एजंट भेटतात. मग फाईलमध्ये त्या देशात दोन दिवस आणि स्वित्झर्लंडमध्ये सहा दिवस दिसतात, आणि अधिकाऱ्याला हरकत घ्यायला आयतं निमित्त मिळतं.

अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि निघायच्या किमान १५ दिवस आधी झालाच पाहिजे. निकाल साधारण १५ दिवसांत लागतो, पण गरज पडली तर ४५ दिवसही घेता येतात. मे महिन्यात जायचं असेल तर फेब्रुवारीतच हलायला लागा. शाळांना सुट्ट्या सगळ्यांच्याच लागतात.

आणखी एक, अर्ज आपण राहतो त्या देशातून करायचा. दुबईत किंवा न्यू जर्सीत रीतसर राहणाऱ्यांनी तिथूनच करावा. दिवाळीला घरी आलोय तर मुंबईत उरकून घेऊ, असं सहसा चालत नाही.

पासपोर्ट आणि नाव

पासपोर्ट गेल्या १० वर्षांतला हवा, युरोपातून परतायच्या तारखेनंतर किमान ३ महिने चालणारा हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. फोटो ३५ गुणिले ४५ मिलिमीटरचा, अलीकडचा.

आपल्याकडे खरी गडबड होते ती नावात. पासपोर्टवर 'गिव्हन नेम' या रकान्यात स्वतःचं नाव आणि त्यापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. बँकेत तेच नाव आडनावापासून सुरू होतं. विम्याच्या पॉलिसीवर मधलं नाव गायब असतं. लग्नानंतर बायकांच्या कागदांवर तर दोन-दोन नावं नांदत असतात, पासपोर्ट माहेरच्या नावाने आणि पगाराचं खातं सासरच्या. तिकीट, हॉटेल आणि विमा यांवर नाव पासपोर्टवर जसं छापलंय तसंच, अक्षर न् अक्षर घाला. बँकेचं नाव वेगळं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत जोडा आणि कव्हरिंग लेटरमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या आपल्या पत्रात, एका ओळीत खुलासा करा.

पैशांचे कागद

नोकरदारांचं सोपं असतं: पगाराच्या स्लिपा, ऑफिसची एनओसी, रजा मंजूर झाल्याचं पत्र, आयकर विवरणपत्रं आणि गेल्या काही महिन्यांचं बँक स्टेटमेंट. किती महिन्यांचं आणि त्यावर बँकेचा शिक्का-सही लागते का, हे त्या देशाच्या यादीत पाहून घ्या. अर्जाच्या आठवडाभर आधी सासऱ्यांकडून चार लाख आणून खात्यात टाकू नका. स्टेटमेंटमध्ये ती एकच नोंद डोळ्यात भरते. घरच्यांनी खरंच खर्च उचलला असेल तर त्यांचं पत्र आणि त्यांचंही स्टेटमेंट जोडा, म्हणजे विषय संपला.

शेतकरी कुटुंबातल्यांनी आयकर विवरणपत्र नाही म्हणून हात टेकू नयेत. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, हे कव्हरिंग लेटरमध्ये लिहा आणि ७/१२ उतारा, बाजार समितीच्या किंवा साखर कारखान्याच्या पट्ट्या, त्याच रकमा खात्यात जमा झाल्याच्या नोंदी असं सगळं जोडा. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर सोबत हवं.

मुलाकडे किंवा लेकीकडे निघालेल्या आईवडिलांसाठी वेगळी वाट आहे. जर्मनीत मुलाने खर्चाची हमी घ्यायची ठरवलं, तर तो तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून रीतसर हमीपत्र काढतो. फ्रान्समध्ये नातेवाइकाकडे उतरणार असाल तर यजमान आपल्या नगरपालिकेतून निवासाचं पत्र घेतो. ते वेळेवर मागवा. ईमेलवर लिहिलेलं "आईबाबा माझ्याकडे राहतील" हे पत्र त्याची जागा घेत नाही.

बुकिंग आणि विमा

विमानाचं पक्कं तिकीट व्हिसाआधी काढू नका, आरक्षण जोडा. मात्र बनावट आरक्षण किंवा अर्ज देताच रद्द केलेलं हॉटेल नको, कॉन्सुलेटमधून पडताळणी होऊ शकते. विमा किमान ३०,००० युरोंचा, संपूर्ण शेंगेन क्षेत्रासाठी आणि मुक्कामाच्या सगळ्या दिवसांसाठी हवा.

दिवस मोजताना पोहोचण्याचा आणि निघण्याचा असे दोन्ही दिवस धरतात. परतीचं विमान रात्री बाराच्या पुढचं असेल तर तो आणखी एक दिवस होतो, आणि नेमका तोच विम्यात आणि अर्जात सुटतो.

केंद्रावर

११ जून २०२४ पासून मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो आहे, ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ४५, आणि त्याहून लहानांना शून्य. केंद्राचा सेवाआकार वेगळा. व्हिसा नाकारला तरी हे पैसे परत मिळत नाहीत. बोटांचे ठसे एकदा दिले की ५९ महिने चालतात, १२ वर्षांखालच्या मुलांचे घेत नाहीत. लाउंज, एसएमएस, कुरियर अशा जादा सेवा काउंटरवर विचारतील; कुरियर सोयीचं पडतं, लाउंजमुळे निकाल काही बदलत नाही.

पासपोर्ट हातात आला की

पाकीट तिथेच उघडा आणि पासपोर्टमध्ये चिकटवलेलं व्हिसाचं स्टिकर वाचा. समजा, तुम्ही १० ते २१ मे असा प्रवास दाखवला होता. स्टिकरवर १० मे ते ५ जून अशा तारखा असतील आणि 'ड्युरेशन ऑफ स्टे'समोर १२ दिवस. याचा अर्थ ५ जूनपर्यंत राहता येईल असा नाही. राहायचं १२ दिवसच. पुढचे १५ दिवस, प्रवास थोडा पुढे ढकलावा लागला तर सवलत म्हणून दिलेले असतात. 'नंबर ऑफ एंट्रीज'समोर ०१ असेल तर पॅरिसहून लंडन करून पुन्हा ॲमस्टरडॅम जमणार नाही, पॅरिसहून झ्युरिकला मात्र खुशाल जा. नाव, पासपोर्ट क्रमांक किंवा तारखेत चूक दिसली तर लगेच कळवा, विमानतळावर ती कुणी दुरुस्त करून देत नाही.

नकार आला तर सोबत छापील फॉर्म येतो, त्यात कारणावर खूण केलेली असते. त्यावर अपील करता येतं. पण कागदच कमी पडला असेल तर तो जोडून नव्याने अर्ज करणं बहुधा लवकर उरकतं. तीच फाईल जशीच्या तशी पुन्हा देऊ नका.

व्हिसा मिळाला तर जुना पासपोर्ट संपल्यावरही जपून ठेवा. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नियम सैल झाला आहे: मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे मिळवून नीट वापरले असतील तर दोन वर्षांचा मल्टिपल (अनेकदा ये-जा करता येणारा) व्हिसा मिळू शकतो, त्यानंतर साधारणपणे पाच वर्षांचा. तो पासपोर्टच्या मुदतीपुढे जात नाही, म्हणून तिसऱ्यांदा अर्ज करताना पासपोर्टची वर्ष-दीड वर्षच उरली असतील तर आधी पासपोर्ट नवा करून घ्या.