टेक्सासात पहिलं मत द्यायचंय? नोव्हेंबरची वाट बघत बसू नका

अमेरिकन नागरिकत्वाची शपथ झाली, हातात छोटा झेंडा धरून फोटो काढला, फॅमिली ग्रुपवर टाकला, पुण्याहून मावशीचा "अभिनंदन बाळा" आला, आता मत द्यायचंय असं म्हणताय ना? मग पहिलं काम म्हणजे कॅलेंडर काढा आणि सम वर्षाच्या मार्चमधल्या पहिल्या मंगळवारावर लाल गोल करा. नोव्हेंबरवर नाही, मार्चवर. मी स्वतः ही चूक केलेली आहे म्हणून सांगतोय. नोव्हेंबरात मोठ्या उत्साहाने गेलो आणि आत गेल्यावर कळलं की अर्ध्याअधिक जागांचा निकाल आठ महिन्यांपूर्वीच लागलाय, फक्त कोणी मला सांगितलं नव्हतं.

प्रकार असा आहे. आपल्याकडे तिकीटवाटप कोण करतं? दिल्ली किंवा मुंबई, रात्री दोन वाजता यादी बाहेर येते आणि सकाळी बंडखोरी सुरू. इथे तिकीटवाटप मतदार करतात, त्यालाच प्रायमरी म्हणतात. आणि टेक्सासात १९९४ नंतर २०२४ पर्यंत राज्यभरातून निवडायच्या एकाही पदावर डेमोक्रॅट निवडून आलेला नाही, राष्ट्रपतिपदासाठी तर शेवटचा जिंकला तो जिमी कार्टर, १९७६ मध्ये. म्हणजे राज्य पातळीवर इतकी वर्षं रिपब्लिकन तिकीट ज्याला मिळालं त्याची खुर्ची जवळजवळ नक्की. आणि हे तिकीट ठरवायला येतं कोण? मार्च २०२४ मध्ये दोन्ही पक्षांच्या प्रायमरी मिळून नोंदणीकृत मतदारांपैकी साधारण १८ टक्के लोक आले. तीन कोटींच्या राज्याचं तिकीटवाटप इतक्यांत उरकतं, त्यामुळे जो येतो त्याच्या मताला भाव आहे.

इथे लगेच कोणीतरी म्हणणार, पण मी कुठल्याच पक्षाचा नाही. अहो नसालच, टेक्सासात मतदारनोंदणीत पक्ष लिहायचा रकानाच नाही. मार्चमध्ये जाऊन सांगायचं की मला अमुक पक्षाची मतपत्रिका द्या, बास. त्या वर्षापुरते तुम्ही त्या प्रायमरीचे, म्हणजे मार्चमध्ये एकीकडे आणि मे महिन्यातल्या रनऑफला, म्हणजे फेरमतदानाला, दुसरीकडे असं जमत नाही, पण नोव्हेंबरात कुणालाही मत द्यायला मोकळे. माझे एक ओळखीचे काका प्रत्येक वेळी रिपब्लिकन मतपत्रिका घेतात आणि नोव्हेंबरात अर्धी मतं तिकडे अर्धी इकडे टाकतात, म्हणतात जिथे भांडण खरं आहे तिथे जावं. त्यांच्या भाषेत सांगायचं तर लग्न लागल्यावर अक्षता टाकून काय उपयोग, पत्रिका जुळवताना बोला.

मार्चची ताकद बघायची असेल तर व्हाउचरचं प्रकरण वाचून ठेवा, तयारीचा भागच समजा. गव्हर्नर ग्रेग अॅबट यांना सरकारी पैसा खासगी शाळांच्या फीसाठी द्यायची योजना हवी होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांच्याच पक्षाच्या २१ आमदारांनी डेमोक्रॅट्सबरोबर मत देऊन ती पाडली, ८४ विरुद्ध ६३. हे बहुतेक खेड्यापाड्यांचे आमदार, आणि गावाकडे सरकारी शाळा म्हणजे नुसती शाळा नसते, बऱ्याच ठिकाणी गावातली सगळ्यात मोठी नोकरी देणारी संस्था तीच, शुक्रवारी रात्री अख्खं गाव फुटबॉलला जमतं तेही तिच्याच मैदानावर. अॅबटसाहेबांनी मार्च २०२४ च्या प्रायमरीत या आमदारांविरुद्ध स्वतःचे उमेदवार उभे केले, पेनसिल्व्हेनियातल्या एका अब्जाधीशाकडून साठ लाख डॉलरचा चेक आला होता तो वापरला, बरेच जण पडले, काहींनी आधीच निवृत्ती घेतली. मे २०२५ मध्ये एक अब्ज डॉलरची योजना कायदा म्हणून सही झाली. नोव्हेंबरच्या मतदानाने यात काडीचाही फरक पडला नाही. योजना चांगली की वाईट हे तुमचं तुम्ही ठरवा, आमच्या घरातच दोन मतं आहेत.

आता नोंदणी. ही मतदानाच्या ३० दिवस आधी व्हायलाच हवी, आणि इथे नवीन मतदाराला सरळ ऑनलाइन नोंदणी करता येत नाही, हो, आयटीवाल्यांनी भरलेल्या राज्यात! कागदी फॉर्म भरायचा, सही करायची, काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) ऑफिसला पोस्टाने पाठवायचा किंवा नेऊन द्यायचा. लायसन्सचं ऑनलाइन नूतनीकरण करताना मात्र सोबत नोंदणीही होते. फ्रिस्कोत राहणाऱ्यांनी आधी बघा आपलं घर कॉलिन काउंटीत आहे की डेंटनमध्ये, शहर दोन्हीत पसरलंय आणि चुकीच्या काउंटीत धावाधाव करणारे दर निवडणुकीला दिसतात. घर बदललं असेल तर परत नोंद. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये विधिमंडळाने अमेरिकन काँग्रेसच्या मतदारसंघांचा नकाशा नव्याने आखलाय, डेमोक्रॅट आमदार कोरम, म्हणजे कामकाजाला लागणारी किमान हजेरी, मोडायला इलिनॉय राज्यात पळाले होते ते याच्यासाठीच, त्यामुळे "आमचा खासदार अमका" हे डोक्यातून काढून नवीन मतदारसंघ तपासा.

इथे एक मिनिट थांबून एच-वनवाल्यांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना हात जोडून सांगतो, नोंदणीच्या वाटेलाच जाऊ नका. लायसन्सच्या काउंटरवर घाईघाईत कोणी विचारलं मतदार म्हणून नोंद करायची का, तर स्पष्ट नाही म्हणा, फॉर्मवर नागरिक असल्याच्या चौकटीत चुकून खूण झाली तरी पुढे नागरिकत्वाच्या मुलाखतीत ते निघतं, आणि प्रत्यक्ष मत दिलं तर गुन्हा आहे, देशाबाहेर काढू शकतात.

नवीन नागरिकांसाठी याचीच उलटी बाजू आहे आणि ती जास्त डोक्याला ताप देते. तुम्ही लायसन्स काढलंत तेव्हा ग्रीन कार्डावर होतात, त्या ऑफिसच्या नोंदीत तुम्ही अजूनही परदेशी. जानेवारी २०१९ मध्ये राज्याच्या निवडणुका बघणाऱ्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसने अशाच जुन्या नोंदी जुळवून सुमारे ९५,००० मतदारांवर "हे नागरिक नसावेत" असा शिक्का मारला, मग कळलं की त्यातले हजारो लोक मधल्या काळात रीतसर शपथ घेतलेले नागरिक होते. कोर्टात गेलं प्रकरण, एप्रिलमध्ये तडजोड झाली, यादी गुंडाळली, सेक्रेटरीसाहेबांनी मे महिन्यात पद सोडलं. तेव्हा शपथेनंतर लायसन्सच्या ऑफिसात जाऊन नोंद बदलून घ्या. आणि काउंटीकडून आलेलं पत्र पिझ्झाच्या कूपनांबरोबर कचऱ्यात टाकू नका, नागरिकत्वाचा पुरावा मागणारी नोटीस असेल तर उत्तर द्यायला ३० दिवस असतात, नाही दिलं तर नाव कटतं.

ओळखपत्र. सात प्रकारची फोटो ओळखपत्रं चालतात, आपल्यासाठी कामाची तीनच, टेक्सासचं लायसन्स, अमेरिकन पासपोर्ट आणि फोटो असलेलं नागरिकत्वाचं सर्टिफिकेट. बंदूक बाळगायचा परवाना चालतो, कॉलेजचं आयडी चालत नाही, यावरून इथले लोक वर्षानुवर्षं भांडतायत. कार्ड संपून चार वर्षं उलटली नसतील तरी चालतं, सत्तरी ओलांडलेल्यांना तर ती मर्यादाही नाही. पत्ता जुळला नाही तरी हरकत नाही. खरी गंमत आपल्या नावांची. आधी वडिलांचं नाव मधे, मग लग्नानंतर नवऱ्याचं, पासपोर्टवर दोन्ही एकत्र चिकटलेली, लायसन्सवर नुसतं अक्षर. बायकोच्या बाबतीत टेबलावरच्या बाईंनी तीनदा वर-खाली पाहिलं. नावं बऱ्यापैकी जुळत असतील तर एका चौकटीत आद्याक्षरं घालून पुढे जाता येतं, तसा नियम आहे, फक्त तुम्हाला तो माहीत हवा कारण समोरच्याला दरवेळी आठवतोच असं नाही.

आई-बाबा नागरिक झालेत आणि ६५ च्या पुढे आहेत तर पोस्टाने मत देता येतं, अर्ज मात्र दरवर्षी नवा. अर्जावर आणि नंतर पाकिटावर लायसन्सचा नंबर किंवा सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे लिहायचे, पाकिटावरची ती जागा फ्लॅपच्या खाली लपलेली असते. हा नियम नवा होता तेव्हा, मार्च २०२२ मध्ये, पोस्टाने आलेल्या मतांपैकी साधारण १२ टक्के बाद झाली. मी तर सांगतो दोन्ही नंबर लिहा, विषय संपला. त्यांना प्रत्यक्ष न्यायचं असेल आणि इंग्रजी वाचायला अडचण असेल तर तुम्ही सोबत आत जाऊन मराठीत वाचून दाखवू शकता, त्यासाठी शपथ घ्यावी लागते आणि फॉर्म भरावा लागतो. बाबांना कोणाला द्यायचं ते सांगायचं नाही हं, वाचूनच दाखवायचं. माझ्या बाबांनी मला तिथेही गप्प बसवलं.

अभ्यास नावाचा प्रकार सगळ्यात मोठा, एक अख्खी संध्याकाळ ठेवा, चहा जास्त करा. मतपत्रिका इतकी लांब असते की पहिल्यांदा बघितल्यावर घाम फुटतो. इथे न्यायाधीशसुद्धा पक्षाच्या तिकिटावर निवडून येतात, पार राज्याच्या सुप्रीम कोर्टापर्यंत. पूर्वी एक बटण दाबून पूर्ण पक्षाला मत देता यायचं, २०२० च्या निवडणुकीपासून ते बंद, आता प्रत्येक नावावर वेगळं बोट. आणि पदांची नावं फसवी. रेलरोड कमिशनरचा रेल्वेशी काडीचा संबंध राहिलेला नाही, तो तेल आणि गॅस बघतो. काउंटी जज म्हणजे मुख्यतः काउंटीचा कारभारी, आपल्याकडच्या जिल्हा परिषद अध्यक्षाच्या जवळ जाणारा. लेफ्टनंट गव्हर्नर शोभेचं पद वाटतं, पण राज्याची सिनेट, म्हणजे विधिमंडळाचं वरचं सभागृह, त्याच्या हातात असते आणि बरेच जण म्हणतात तो गव्हर्नरपेक्षा भारी. विधिमंडळाचं नेहमीचं अधिवेशन विषम वर्षी फक्त १४० दिवस असतं, आमदाराचा पगार महिना ६०० डॉलर, म्हणजे आमदार हे एकतर पैसेवाले, वकील, नाहीतर निवृत्त, हेही लक्षात ठेवून नावं वाचा. न्यायाधीशांची नावं "कोण ओळखतं यांना" म्हणून सोडून देऊ नका. मार्च २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च फौजदारी कोर्टाच्या तीन विद्यमान न्यायाधीश एकदम हरल्या, कारण अॅटर्नी जनरल, म्हणजे राज्याचे मुख्य सरकारी वकील, केन पॅक्स्टन त्यांच्यामागे लागले होते. निवडणूक-गैरप्रकाराचे खटले अॅटर्नी जनरलला स्वतःहून चालवता येणार नाहीत असा निकाल त्या कोर्टाने २०२१ मध्ये दिला होता, त्याचा राग.

हा सगळा अभ्यास कागदावर लिहून घ्या. कागदावर! मी फोनमध्ये लिहून नेला होता. मतदानयंत्रांपासून १०० फुटांच्या आत फोन वापरायला बंदी आहे, फोन बंद करून खिशात ठेवायला लावला आणि मग मी डिस्ट्रिक्ट जजच्या यादीसमोर दहावीच्या पेपरला बसल्यासारखा उभा. उमेदवाराचं नाव असलेला टीशर्ट किंवा टोपीही नको, बाहेर काढतात.

आणि थोडी तयारी मनाचीही करा, म्हणजे "इथले लोक असेच" हे आधी काढून टाका. मला वाटायचं कॅलिफोर्नियातून आलेले लोक हे राज्य निळं, म्हणजे डेमोक्रॅट, करतायत, मीही त्यातलाच. पण २०१८ मध्ये अमेरिकन सिनेटच्या जागेसाठी रिपब्लिकन टेड क्रूझ विरुद्ध डेमोक्रॅट बेटो ओरूर्क झालं, क्रूझ तीनेक टक्क्यांनीच वाचला, तेव्हाच्या एक्झिट पोलमध्ये टेक्सासात जन्मलेल्यांचा कल थोडासा ओरूर्ककडे होता आणि बाहेरून आलेल्यांनी क्रूझला तारलं! लोक टॅक्स, कायदेकानू आणि महागाईला कंटाळून येतात, ते कशाला डावीकडे जातील. दुसरं उदाहरण स्टार काउंटी, मेक्सिकोच्या सीमेवर, जवळजवळ सगळी हिस्पॅनिक वस्ती. २०१६ मध्ये तिथे हिलरी क्लिंटनला ७९ टक्के होते, २०२४ मध्ये तीच काउंटी ट्रम्पकडे गेली, १८९२ नंतर पहिल्यांदा रिपब्लिकन. सीमा, तेलाच्या नोकऱ्या, चर्च, किराणा, प्रत्येकाचं कारण वेगळं. माझ्या शेजारच्या आजोबांशी मी हायवेपासून बंदुकीपर्यंत सगळ्यावर वाद घालतो, पण प्रॉपर्टी टॅक्सची नोटीस आली की आम्ही दोघं एकाच पक्षात, कारण इथे राज्याचा इन्कम टॅक्स नाही आणि शाळांचा बराच भार घरांवर पडतो. म्हणून विषम वर्षाच्या नोव्हेंबरातही जा, घटनादुरुस्त्यांवर मत असतं. २०२५ मध्ये १७ होत्या, सगळ्या पास, त्यातल्या एकीने राहत्या घरावरची शाळाकराची सूट १ लाखावरून १ लाख ४० हजार डॉलर झाली. मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी शाळा बोर्ड आणि सिटी काउन्सिल असतं, तिथे तर आपल्या गणपती मंडळाच्या मीटिंगपेक्षा थोडेच जास्त लोक येतात.

प्रत्यक्ष जायचं तर अर्ली व्होटिंगला, म्हणजे मुख्य दिवसाआधीच्या मतदानालाच जा, मार्च आणि नोव्हेंबरच्या निवडणुकांना ते साधारण १७ दिवस आधी सुरू होतं आणि चार दिवस आधी संपतं. शेवटच्या शुक्रवारी जाऊ नका, सगळे तेव्हाच जागे होतात. मंगळवारी सुट्टी नसते, सकाळी ७ ते संध्याकाळी ७, सातच्या ठोक्याला रांगेत उभे असाल तर मत देऊनच घरी जाणार. बऱ्याच काउंट्यांत स्क्रीनवर निवडल्यावर कागद छापून बाहेर येतो, तो नीट वाचा आणि स्कॅनरमध्ये टाका, तो टाकल्याशिवाय मत मोजलं जात नाही, खिशात घालून घरी नेऊ नका. बोटाला शाई नाही, स्टिकर मिळतो, फोटो बाहेर येऊन काढा.

आणि मे महिन्याचा चौथा मंगळवार राहिलाच की. मार्चमध्ये कोणाला निम्म्यापेक्षा जास्त मतं नसतील तर त्या दिवशी रनऑफ, मार्चला गेला नसाल तरी दोन्हींपैकी कुठल्याही एकात जाता येतं. मे २०२४ च्या रनऑफमध्ये विधानसभेचे सभापती डेड फेलन यांची जागा चारशेपेक्षा कमी मतांनी वाचली. चारशे म्हणजे आमच्या मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभे असतात तेवढे.