सायकल मार्गावरील तुटलेले झाकण: तक्रार परस्पर ‘निकाली’ निघत असल्यास

आमच्या सायकल मार्गावरील पावसाळी गटाराचे झाकण तुटले होते आणि ऑनलाइन तक्रार प्रत्येक वेळी दुरुस्तीविनाच ‘निकाली’ निघे, हे संतापजनक होते. छायाचित्रे जोडूनही उपयोग झाला नाही. अखेर माहिती अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 6(1) खाली, 10 रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून, पथ विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज केला. त्यात प्रथम तक्रार क्रमांक नोंदवला, नंतर तक्रार बंद करण्यापूर्वीच्या स्थळपाहणी अहवालाची प्रत व संबंधित अधिकाऱ्याचे पदनाम मागितले आणि शेवटी मूळ नस्तीच्या (फाइलच्या) अवलोकनाची मागणी केली. ‘दुरुस्ती का झाली नाही’ असे विचारू नये. या कायद्याने अभिलेख (कार्यालयातील नोंदी) मिळतात, खुलासे नव्हे. उत्तराची 30 दिवसांची मुदत संपण्यापूर्वीच नवे झाकण बसले. स्थळपाहणी अहवाल मात्र ‘उपलब्ध नाही’ असे कळवण्यात आले.