मॅक्रो फोटोग्राफी: लेन्सचं नंतर बघा, आधी फोकस

मॅक्रो म्हणजे किड्यांसारख्या छोट्या गोष्टींचे अगदी जवळून काढलेले फोटो. त्यासाठी महागडी मॅक्रो लेन्स घेतल्याशिवाय सुरुवातच करता येत नाही, असं सांगणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. ५० मिमीची साधी लेन्स असेल तर एक्स्टेन्शन ट्यूबचा (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणाऱ्या पोकळ नळ्यांचा) संच पुरतो. त्यात बहुधा १२, २० आणि ३६ मिमीच्या तीन ट्यूब येतात. ३६ आणि १२ जोडल्या की जवळजवळ १:१, म्हणजे सेन्सरवर किडा खऱ्या आकाराएवढा उमटतो. घेताना आत कॉन्टॅक्टच्या पिना आहेत ना, तेवढं बघा. पिना नसलेल्या स्वस्त ट्यूबवर कॅनॉनच्या लेन्सचं ॲपर्चर (प्रकाश आत येण्याचं भोक) पूर्ण उघडं राहतं आणि कॅमेऱ्यावरून बदलता येत नाही.

पावसाळ्यात पुण्यात वेताळ टेकडीवर किंवा तळजाईला किडे भरपूर, पण वाराही तेवढाच. म्हणून पहिले काही दिवस सोसायटीच्या बागेतच काढा. कढीपत्त्यावर मॉर्मन फुलपाखराच्या अळ्या सापडतात, आणि अळी उडून जात नाही.

कॅमेऱ्याची सेटिंग अशी: मॅन्युअल मोड, शटर १/२०० सेकंद, आयएसओ २००, ॲपर्चर एफ/८ ते एफ/११ (आकडा मोठा तितकं भोक लहान), फ्लॅश मॅन्युअलवर १/८ ताकदीने.

आता फोकस. सगळे इथेच अडकतात. १:१ ला एफ/८ वर स्पष्ट दिसणारा पट्टा एक मिलिमीटरही जाड नसतो. ऑटोफोकस नुसता मागेपुढे घुटमळतो, बंद करा. रिंग फिरवत बसलात तर किडा फ्रेममध्ये लहानमोठा होत राहतो आणि हातही हलतो. रिंग एकदाच, किडा किती मोठा हवा ते ठरवण्यापुरती फिरवा. पुढचा फोकस अंगाने करायचा: एक गुडघा जमिनीवर, कोपरं बरगड्यांना टेकलेली, आणि किंचित पुढे झुकत जायचं. डोळे स्पष्ट व्हायला लागले की बटण दाबायचं.

वारा असेल तर डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटात फांदी धरा आणि त्याच हातावर लेन्स टेकवा. फांदी हलली तरी कॅमेरा तिच्याबरोबरच हलतो. टेकडीवर असाल तर हात लावण्याआधी ती खाजकुइली नाही ना, ते बघून घ्या.

‘सगळं स्पष्ट हवं तर एफ/२२ करा’ हा सल्ला तर ऐकूच नका. १:१ ला एफ/२२ हे प्रत्यक्षात एफ/४४ सारखं वागतं. इतक्या बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो (डिफ्रॅक्शन) आणि अख्खा फोटो पुसट होतो. त्यापेक्षा कॅमेरा किड्याच्या अंगाला समांतर धरा. त्याच पातळ पट्ट्यात डोक्यापासून शेपटीपर्यंत बरंच काही बसतं.

ट्रायपॉड घरी ठेवा. फ्लॅशचा झोत शटरपेक्षा कितीतरी कमी वेळ टिकतो, त्यामुळे हाताची थरथर फोटोत येत नाही. मात्र उघडा फ्लॅश मारलात तर भुंग्याच्या पाठीवर पांढरा ठिपका जळतो. बटर पेपर किंवा दुधी प्लास्टिकचा डिफ्यूझर, म्हणजे फ्लॅशचा प्रकाश पसरवणारा पडदा, लेन्सच्या टोकापर्यंत पुढे आणा. ठिपका तरीही उरला, तर डिफ्यूझर लहान आहे किंवा किड्यापासून लांब आहे.

किडे फ्रीजमध्ये गारठवून फोटो काढणाऱ्यांच्या नादी लागू नका. किड्याचे हाल होतात, आणि ती मेलेली ठेवण फोटोत लपत नाही.

घरी फोटो १०० टक्के मोठा करून तपासा. समोरून काढलेल्या फोटोत मिशा स्पष्ट आणि डोळे पुसट असतील तर बटण लवकर दाबलं गेलंय. डोळे पुसट आणि पाठ स्पष्ट असेल तर उशिरा.